जमीन बघितली, शेजार बघितला का?

आमचे मोठे मेव्हणे मे २०२३ मध्ये रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो. छत्तीस वर्षे लोखंडाशी झुंज घेतलेला माणूस. विक्रोळीच्या दहा बाय पंधराच्या खोलीत आई, चार मुले आणि गावाहून येणारा-जाणारा पाहुणा, असा संसार केला. निरोप समारंभात साहेबांनी विचारले, "आता पुढे काय करणार?" भाऊ म्हणाले, "एकरभर जमीन, त्यात दोन खोल्यांचे घर, आणि आंघोळीला विहिरीचे पाणी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वहिनी मात्र गप्प होत्या. त्या का गप्प होत्या ते मला वर्षभराने कळले.

वाचक बंधू-भगिनींनो, हे स्वप्न आज आपल्या समाजात घरोघरी आहे. आजोबांनी गाव सोडले ते पोटासाठी आणि मानासाठीही. वडील गिरणीत, गोदीत, पालिकेत राबले. आता निवृत्तीचे चार पैसे हातात आले की माणसाला पुन्हा माती दिसू लागते. त्यात वाईट काही नाही. जमीन ही आपल्याला फार उशिरा आणि फार थोडी मिळालेली वस्तू आहे. पण पैसा एकदाच येतो. तो चुकीच्या जागी अडकला की मुलांच्या डोळ्यांदेखत म्हातारपण कडू होते. म्हणून आमच्या घरात जे घडले ते जसेच्या तसे सांगतो.

कोणी विचारील, गावी घर नव्हते का? होते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले भाऊ. बौद्धवाडीत वडिलोपार्जित घर होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याचे छप्पर उडाले आणि मातीची भिंत बसली. जमीन म्हणाल तर सातबाऱ्यावर एकतीस नावे आणि भाऊंच्या वाट्याला जेमतेम सहा गुंठे, तेही कागदावर. भावकीत वाटणी मागितली असती तर सहा गुंठ्यांपायी सहा घरांचे बोलणे तुटले असते. त्यामुळे दुसरीकडे बघायचे ठरले.

पण त्या सहा गुंठ्यांनी एक मोठे काम केले. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. भाऊंचे नाव वडिलांच्या मागे वारस म्हणून लागलेले होते, म्हणून ते कायद्याने शेतकरी ठरले. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी वारसनोंदच केलेली नसते. "चार गुंठ्यांसाठी कोण खेटे घालणार?" म्हणतात. त्यांनी या सुट्टीत आधी ते काम करावे. वारसाचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो. २०२४ पासून त्यांचे पद ग्राम महसूल अधिकारी झाले आहे.

भाऊ मला म्हणाले, "भावोजी, तुम्ही बी.कॉम. झालेले. कागद तुम्ही बघा." मीही कंबर कसली. कारकुनाला कागद दिसला की बरे वाटते. सातबारा, फेरफार, आठ-अ, तीस वर्षांचा शोध, सगळे पाहू लागलो. आणि इथेच माझी चूक झाली. कागदावर मालक दिसतो, बोजा दिसतो, कुळाचे नाव दिसते, पण पलीकडच्या बांधावर कोण उभा आहे ते दिसत नाही.

पहिली जागा : फाटक आणि झोपडी

पहिली जागा माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गापासून पाच-सहा किलोमीटर आत. एका दलालाने दाखवली. डोंगराच्या उतारावर जेसीबीने कापून पायऱ्यांसारखे तुकडे पाडलेले, प्रत्येकाला तारेचे कुंपण, वर रंगीत फाटक. शेजार कोणाचा म्हणाल तर मुंबई-पुण्याच्या लोकांच्या बंगल्यांचा. शनिवारी गाड्या येतात, रविवारी रात्री दिवे मालवतात. सोमवार ते शुक्रवार तिथे कुत्र्याशिवाय कोणी नाही.

"दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे. पण सातबारा सगळ्यांचा मिळून एकच," दलाल म्हणाला. मी तिथेच थबकलो. शेतजमिनीचे तुकडे पाडायला १९४७ च्या कायद्याने मर्यादा आहे, आणि अशी सामाईक नावावर घेतलेली जमीन म्हणजे अनोळखी वीस माणसांशी लावलेली भावकी. एकाने कर्ज काढले, एकाने दावा लावला, की सगळ्यांच्या कागदावर डाग. स्वतःच्या भावकीच्या एकतीस नावांतून सुटून परक्यांच्या वीस नावांत अडकण्यात काय शहाणपण?

शिवाय तो उतार. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गाडली गेली. रायगडमध्ये जागा बघणाऱ्याने डोंगर किती सुंदर आहे हे नंतर बघावे. आधी वरच्या बाजूला माती कापली आहे का, झाडे उतरणीकडे कलली आहेत का, पावसात नवीन झरे फुटतात का, हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

पण भाऊंनी जागा नाकारली ती या कारणांनी नव्हे. कुंपणाच्या कडेला एक झोपडी होती. कुडाची, वर प्लास्टिक. बाहेर एक बाई लाकडे मोडत होती. भाऊंनी विचारले, "हे कोण?"

दलाल म्हणाला, "कातकरी आहेत हो. पूर्वीपासून बसलेत. तुमचा व्यवहार झाला की उठवून देतो. ती जबाबदारी माझी."

भाऊ काही बोलले नाहीत. पायवाटेने खाली उतरून रस्त्यावर आले आणि मला म्हणाले, "माझ्या आज्याला खोताने असंच एका दिवसात उठवलं होतं. चला."

आदिवासीच्या नावची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, हे महसूल कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये आहे आणि ते पुष्कळांना ठाऊक असते. पण रायगडमध्ये कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्याच नावच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. त्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. म्हणजे माझ्या कागदांच्या तपासात ती कुठेच आली नसती. तुम्ही घेता त्या जमिनीवर आज कोण राहते, हा शेजाराचा पहिला प्रश्न आहे, आणि आपल्या लोकांनी तरी तो विचारायला हवा.

दुसरी जागा : वाट कोणाची?

दुसऱ्या जागेने मात्र आम्हाला खरेच मोह घातला. तालुक्याचे आणि गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एक एकर दहा गुंठे. कौलारू घर, चिऱ्याचा चौथरा, मागे पंचवीसेक काजू, सहा हापूसची कलमे, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीला पुरुषभर पाणी. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण कातळ पाणी धरून ठेवत नाही. जून ते सप्टेंबर ज्या वाडीत पाय ठेवायला कोरडी जागा नसते तिथे एप्रिल-मेत टँकर येतो. म्हणून विहीर बघायची तर मे महिन्यात. दिवाळीत कोणतीही विहीर भरलेलीच दिसते.

विकणारे गृहस्थ सज्जन होते. मुले पुण्याला स्थायिक, त्यांनाही पैसे हवे होते. कागद आरशासारखे स्वच्छ. भाऊंनी पंचवीस हजार रुपये विसार दिला. मी घरी येऊन सौभाग्यवतीला म्हणालो, "तुझ्या भावाचं काम झालं."

पण वहिनी म्हणाल्या, "मला एकदा आपल्या वाडीत जाऊन यायचंय." त्या गावची बौद्धवाडी पऱ्याच्या पलीकडे, खालच्या अंगाला. आठ घरे, त्यातली तीन बंद. आम्ही पाणी प्यायला म्हणून एका घरी बसलो. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी जयभीम केला, कुठले, कोणाचे, सगळी चौकशी केली. मग म्हणाल्या, "जमीन घ्या बाबा, चांगली हाय. पण वाट कुठनं नेणार? आमच्या मयताला पण अजून वळसा घालून न्यावं लागतंय."

मी चमकलो. नकाशा काढून पाहिला. विकाऊ जमिनीला रस्ता लागतच नव्हता. सगळे ज्या वाटेने येत-जात होते ती शेजाऱ्याच्या आवारातून जाणारी, तोंडी परवानगीची वाट होती. मालक त्याच भावकीतला, त्यामुळे त्यांना कधी कोणी अडवले नव्हते. आम्ही त्या शेजाऱ्यांना भेटायला गेलो. त्यांनी नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव विचारले. नंतर म्हणाले, "वाट काय, बघू पुढचं पुढं." तोंडावर हसू होते. वाचकांपैकी ज्यांनी असे हसू पाहिले आहे त्यांना मी जास्त सांगायला नको.

परतीच्या एसटीत मोठा वाद झाला. भाऊंचा मुलगा, आमचा भाचा, डिप्लोमा करून कंपनीत आहे. तो तावातावाने म्हणाला, "घाबरायचं कशाला? अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. आपणच मागे हटलो तर तिथली आठ घरं कायम वळसाच घालणार."

त्याचे एक अक्षर खोटे नव्हते. मी स्वतः वीस वर्षे समाजकार्यात आहे. अशा प्रकरणांत फिर्यादीबरोबर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढलो आहे. मी त्याच्या बाजूने बोलणार तोच वहिनी म्हणाल्या, "केस तुम्ही जिंकाल हो भावोजी. तारखेला तुम्ही मुंबईवरनं याल आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाल. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन त्या बांधावरनं मला जायचंय. रात्री ह्यांच्या छातीत दुखलं तर मी हाक कोणाला मारू?"

एसटीत कोणी बोलले नाही. निरोप समारंभात त्या गप्प का होत्या ते मला तेव्हा कळले. आम्ही पुरुष जमीन बघत होतो, त्या हाकेचे अंतर मोजत होत्या.

विसार परत मिळाला, पूर्ण मिळाला. त्या गृहस्थांनी एक रुपया कापला नाही, उलट "मला वाटेचं आधी बोलायला पाहिजे होतं" असे म्हणाले. पण आपण माघार घेतली का, हे मला आजही टोचते. भाचा तर दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हता. एक मात्र सांगतो. तिथे जमीन घ्यायची तर लढायची तयारी ठेवून, तरुण माणसाने, मागे संघटना उभी करून घ्यावी. साठीच्या जोडप्याने निवृत्तीच्या पैशांतून नव्हे. आणि त्या आजींच्या मयताच्या वाटेचा अर्ज आमच्या कार्यकर्त्यांनी तहसीलदारांकडे दिला आहे. त्याला जमीन विकत घ्यावी लागत नाही.

गाव कसे ओळखावे

बाबासाहेबांना गावाचा अनुभव होता, म्हणूनच जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला आणि १९४७ च्या त्यांच्या निवेदनातही ती मागणी आली. त्याच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ ला मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात कोकणचे कुणबी आणि आपले लोक एकत्र चालले. खोती शेवटी १९४९ च्या कायद्याने गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सगळी गावे सारखी नाहीत आणि एका गावातल्या दोन वाड्याही सारख्या नाहीत. तेव्हा "आता कोण जात बघतो?" असे म्हणणारा मुलगा आणि "आपल्या वाडीबाहेर पाऊल टाकू नको" म्हणणारा आजा, या दोघांचेही ऐकून घ्यावे आणि मग स्वतः जाऊन बघावे.

काय बघावे? दुसऱ्या जागेनंतर आम्ही जाईल तिथे काही गोष्टी विचारू लागलो. गावातल्या आपल्या माणसांची वाडीबाहेर जमीन आहे का, आणि ती त्यांनी विकत घेतलेली आहे का? साठ वर्षांत तिथे एकालाही घेता आली नसेल तर तुम्ही पहिले ठरणार. मग ते जाणून-बुजून ठरा. १४ एप्रिलची मिरवणूक मुख्य रस्त्याने निघते की वाडीतल्या वाडीत फिरते? नळयोजनेचे पाणी बौद्धवाडीला कितव्या नंबरला येते? पाखाडी सिमेंटची आहे की चिखलाची? स्मशानाची वाट कोणाच्या हद्दीतून जाते? वहिनींनी यात आपला एक प्रश्न घातला, तो मला सगळ्यांत आवडला: बायकांचा बचत गट एकाच वाडीचा आहे की मिसळलेला, आणि बैठक कोणाच्या घरी भरते? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे पाटी बऱ्याच ठिकाणी बदलली. पण पाटीवर भरवसा ठेवू नये, बैठकीवर ठेवावा.

ही माहिती दलाल देत नाही. ती मिळते मुंबईतच. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखेत किंवा गावमंडळात त्या गावचा, निदान त्या पंचक्रोशीतला माणूस हमखास भेटतो. त्याच्याबरोबर चहा प्या. मग गावी तीनदा जा: एकदा मे महिन्यात पाण्यासाठी, एकदा जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात रस्त्यासाठी, आणि एकदा शिमग्याला किंवा भीमजयंतीला माणसांसाठी. तिन्ही वेळा घरातल्या बाईला बरोबर न्या.

आपल्या वाडीजवळच घ्यायची असेल तर एक सावधगिरी. वाडीलगतच्या आपल्या जमिनी पुष्कळदा वतनाच्या असतात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी परत दिल्या गेल्या, पण भोगवटादार वर्ग-२ म्हणून. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि सरकारी नजराणा भरल्याशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही. ओळखीतला, समाजातला माणूस विकतो आहे म्हणून नोटरीच्या कागदावर पैसे देऊ नका. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढव्याच्या चाळीस एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार किती गाजला ते आपण वाचले आहेच. मोठ्यांचे निस्तरायला वकील असतात.

तिसरी जागा

तिसरी जागा महाड तालुक्यात मिळाली. खरे सांगायचे तर ती पाहताच भाऊंचा चेहरा उतरला. एकरभर हवी होती, ही बत्तीस गुंठे. त्यातला वरचा तुकडा नुसता कातळ. घर म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. झाडे थोडी, विहीर नाहीच. नळ एक दिवसाआड. पैसे मात्र दुसऱ्या जागेइतकेच सांगितलेले, कारण डांबरी रस्ता दाराशी येतो.

आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये भर पावसात गेलो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी कुठवर आले होते ते चहाच्या टपरीवाल्यानेच दाखवले. जागा त्या खुणेपासून बरीच उंच, आणि डोंगराच्या पायथ्यापासूनही दूर. एसटीचा थांबा दहा मिनिटांवर. प्राथमिक आरोग्य केंद्र चार किलोमीटरवर. ही गोष्ट कोकणात क्षुल्लक नाही. कातळावर फुरसे असते, विंचू असतो. विंचूदंशावर जगात नाव झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडचेच. पण रात्री दोन वाजता रुग्णाला रस्त्यापर्यंत आणायला आधी शेजारी लागतो. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंतच येते.

बौद्धवाडी पंधरा मिनिटांच्या चालीवर. विहार आहे, वर्षावासात तिथे ग्रंथवाचन चालते. वाडीतल्या चार घरांनी गेल्या काही वर्षांत बाहेर जमिनी घेतलेल्या. मिरवणूक बाजाराच्या रस्त्याने जाते. आणि लगतचा शेजार एका कुणबी कुटुंबाचा. त्यातले म्हातारे आजोबा आम्ही हद्द बघत होतो तेव्हा इरले डोक्यावर घेऊन स्वतःहून आले. गवतात काठीने चाचपत त्यांनी गाडलेला हद्दीचा दगड शोधून दाखवला आणि म्हणाले, "हा तुमचा. माझा गडगा दोन हात तुमच्यात आलाय, मोजणी झाली की मागं घेतो." मी वीस वर्षांत अनेक बांधाची भांडणे पाहिली. स्वतःचा गडगा पुढे आला आहे असे सांगणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. त्यांची बायको वहिनींना आत घेऊन गेली. अर्धा तास दोघी काय बोलल्या ते आम्हाला कळले नाही, पण बाहेर आल्यावर वहिनींनी मानेनेच भाऊंना हो म्हटले.

कागदात एक अडचण निघाली. जमीन विकणाऱ्याच्या वडिलांना कुळ म्हणून मिळालेली, त्यामुळे सातबाऱ्यावर कलम ४३ चा शेरा होता. कुळाने खरेदी घेऊन दहा वर्षे होऊन गेली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ही अट सुटते. आकार रुपयांत असतो, त्यामुळे रक्कम फार नसते; वेळ मात्र लागतो. आम्ही शेरा कमी होईपर्यंत थांबलो. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घेतला. तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे भाऊंना दोनदा सांगावे लागले. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेला डांबरी रस्ता असे स्पष्ट घातले, आणि भाऊंबरोबर वहिनींचेही नाव लावले. भाऊ म्हणाले, "तिचंच आधी लिहा."

जानेवारी २०२५ मध्ये दोघे राहायला गेले. विहिरीच्या पाण्याची आंघोळ काही भाऊंच्या नशिबात आली नाही. नळाच्या दिवशी पिंप भरून ठेवतात. काजूची रोपे लावली त्यातली निम्मी वानरांनी उपटली. भाऊ कुरकुरतात, दुसऱ्या जागेतल्या कलमांची आठवण काढतात. वहिनी २० मार्चला सकाळच्या एसटीने चवदार तळ्यावर जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत आल्या, त्याचेच त्यांना अप्रूप.

भाचा गणपतीच्या सुट्टीत जाऊन आला. मी विचारले, "काय म्हणतो शेजार?" तो हसायला लागला. शेजारच्या आजोबांची गाय गडग्याच्या खिंडारातून आत शिरली आणि वहिनींची मिरचीची रोपे खाऊन गेली. त्यावरून दोन्ही घरच्या बायकांत कडाक्याचे भांडण झाले, आठ दिवस अबोला. भांडणात गाईचा उद्धार झाला, मिरचीचा झाला, एकमेकींच्या आळसाचा झाला. दुसरे काही निघाले नाही. नवव्या दिवशी सकाळी आजोबांची बायको पडवीत आली, पदराखालून केळीच्या पानातली पातोळी काढून ठेवली आणि म्हणाली, "खिंडार बुजवायला ह्यांना सांगितलंय. तुमच्याकडं कुदळ आहे का?"